फिल्टरकाकांचं बेट

कुणाच्याही घरी गेले की फिल्टरकाका आधी स्वयंपाकघरात शिरत आणि किटलीचं झाकण उघडून आत बघत. यजमान दारातच "या, बसा" म्हणत उभे असत आणि हे तोवर किटली खिडकीपाशी नेऊन तळाचा पांढरा थर नखानं खरवडत असत. लंडनजवळच्या आमच्या स्लाऊचं पाणी जड. महिनाभर लक्ष दिलं नाही तर किटलीत चुन्याची खपली धरते. "व्हिनेगर आहे का घरात?" हा त्यांचा पहिला प्रश्न. उत्तराची वाट न बघता "मग चहा नंतर करू" असंही तेच म्हणत. स्लाऊमधल्या निम्म्या मराठी बायका त्यांच्यावर खार खाऊन होत्या. उरलेल्या निम्म्या, ते येणार असं कळलं की आदल्या दिवशी किटली घासून ठेवत. मी आधी पहिल्या गटात होते, मग दुसऱ्या गटात गेले.

त्यांचं आडनाव देवस्थळी. पण ते फक्त टपालावर उरलं होतं. मूळचे दापोलीकडचे, ऐन पंचविशीत फिटर म्हणून स्लाऊच्या एका कारखान्यात आले. कारखाना बंद पडल्यावर इथल्याच एका सरकारी इस्पितळात तंत्रज्ञ म्हणून लागले, आणि तिथं तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. डायलिसिसच्या यंत्रांना लागणारं पाणी शुद्ध करायचं. मराठी मंडळातल्या पोरांनी कधीतरी त्यांचं नाव फिल्टरकाका ठेवलं आणि ते त्यांनी आनंदानं स्वीकारलं. नवीन माणसाशी ओळख करून देतानाही ते स्वतः "मी फिल्टरकाका" असंच सांगत, आणि समोरचा हसला की त्याच्या घरचं पाणी कसं आहे ते विचारत.

पुण्याहून इथं आल्यावर पहिली दोन वर्षं मी त्यांच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहत होते. माझी पहिली नोकरी स्लाऊमध्येच, इस्पितळांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या एका कंपनीत होती. काकू तेव्हा नुकत्याच गेल्या होत्या आणि घरात काका एकटेच. मी पोहोचले त्या दिवशी त्यांनी मला खोली दाखवायच्या आधी जिन्याखालचा पाण्याचा मुख्य कॉक दाखवला. "हा कुठल्या बाजूला बंद होतो बघ. घराला आग लागली तर लोक धावतात, पाइप फुटला तर नुसते बघत बसतात." मला वाटलं, म्हातारा विक्षिप्त आहे. तो विक्षिप्त होताच, पण त्या हिवाळ्यात पाइप खरोखरच फुटला. काका बाजारात गेले होते, कॉक मी बंद केला. परत आल्यावर त्यांनी ओला गालिचा बघितला, कॉक बघितला आणि म्हणाले, "प्रॉपर केलंस." एवढं कौतुक त्यांच्याकडून मिळायला लोकांना वर्षं लागत.

मग मला क्रॉयडनच्या एका सल्लागार संस्थेत नोकरी लागली आणि मी तिकडं राहायला गेले. देशोदेशींच्या आरोग्य खात्यांना पुढच्या वीस-तीस वर्षांचे आराखडे करून देणं हे त्या संस्थेचं काम. स्लाऊ सुटलं तरी शनिवार सुटला नाही. दोन गाड्या बदलून मी काकांकडे जेवायला जायची. ते कुळथाचं पिठलं करायचे, मी आठवडाभराच्या कागाळ्या करायची. असाच एका शनिवारी मी त्यांना बेटाबद्दल सांगितलं.

बेट अटलांटिकच्या पलीकडचं. देश म्हणायचा, पण आपल्या एखाद्या तालुक्यापेक्षा लहान. एकच मोठं इस्पितळ, तेही किनाऱ्यालगत. समुद्र चढतोय, विहिरींना खारं पाणी लागतंय, वादळं पूर्वीपेक्षा जोरात येतायत, उन्हाळा लांबतोय, डास वाढतायत. या सगळ्याला तोंड द्यायला त्यांची आरोग्यव्यवस्था तयार करायची, असा आमचा प्रकल्प होता. औषधांचं कोठार वरच्या मजल्यावर न्यायचं, छतावर सौरपट्ट्या बसवायच्या, उष्माघाताचा वॉर्ड काढायचा, अशी नऊ प्रकरणं झाली होती. वेगवेगळ्या तज्ज्ञांनी ती लिहिली आणि एकत्र गुंफायचं काम माझं होतं. मला त्या आराखड्याचा फार अभिमान होता. इतका, की छपाई झाल्याबरोबर आम्ही किती वेळेवर आहोत हे दाखवायला मी चाळीस प्रती आगाऊ बेटावर रवानाही केल्या होत्या. बेटाचे आरोग्यमंत्री पंधरवड्यानं लंडनला येणार आणि मग सह्या होणार होत्या.

काकांनी पिठल्याचा हात धुतला आणि म्हणाले, "तिथं डायलिसिसचे पेशंट किती?"

"अकरा," मी म्हणाले. "पाच मशीन्स आहेत. काका, एका सबंध देशाचा प्लॅन आहे हा. तुम्ही अकरा लोकांचं काय घेऊन बसलात?"

"अकरांचं कळलं की बाकीच्यांचं कळतं. दे बघू ते बाड."

काका आराखडा वाचत नसत. ते पाण्यामागे चालत. ही त्यांची कामाची पद्धत होती आणि ती मी त्या दुपारी पहिल्यांदा नीट बघितली. भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून त्यांनी कोपऱ्यात एक ढग काढला. तिथून पेन्सिल निघाली ती छपरावर, छपरावरून टाकीत, टाकीतून पाइपात, पाइपातून एकेका वॉर्डात. जिथं पाणी जाईल तिथं ते बाडातलं पान शोधायचे आणि त्या पानावर काय लिहिलंय ते पेन्सिलीनं टाकीशेजारी, नळाशेजारी मांडायचे. पानांचा क्रम त्यांना मान्यच नव्हता. "पुस्तक एक, दोन, तीन, चार असं जातं," ते म्हणाले, "पाणी तसं जात नाही. आणि हवामान बदलतंय ते बदलतंय, पण इस्पितळात ते नळातून येतं."

अर्ध्या तासानं पेन्सिल थांबली. "हे चौथं प्रकरण कुणी लिहिलं?"

"साथीच्या रोगांवरची एक्स्पर्ट आहे. खूप सीनियर."

"आणि सातवं?"

"किडनीचे डॉक्टर. तेही सीनियर."

"दोघंही हुशार आहेत," काका म्हणाले. "दोघं मिळून अकरा माणसं मारतील."

चौथ्या प्रकरणात लिहिलं होतं, की वादळानंतर जुलाब-कॉलऱ्याची साथ येऊ नये म्हणून इस्पितळाच्या टाकीत ताबडतोब नेहमीच्या कित्येक पट क्लोरिन टाकावं. बरोबर आहे, सगळीकडे असंच करतात. सातव्यात लिहिलं होतं, की वादळानंतर डायलिसिस शक्य तितक्या लवकर सुरू करावं, कारण हे पेशंट फार दिवस थांबू शकत नाहीत. तेही बरोबर. काकांनी टाकीभोवती पेन्सिलीनं दोनदा गोल काढला. टाकी एकच होती.

मला तरीही कळलं नाही. ते काका ओळखून होते. "तू क्लोरिनचं पाणी प्यायलीस तर काय होईल? तोंड वाकडं करशील, बस. पोट ते सांभाळून घेतं. डायलिसिसमध्ये पोट नसतं मधे. एका वेळेला शंभरावर लिटर पाणी जातं त्या मशीनमधून, आणि ते पाणी नि माणसाचं रक्त यांच्यामधे एवढासा पडदा असतो. क्लोरिन त्या पडद्यातून जातं आणि रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं. मशीनच्या आधी कोळशाचा फिल्टर असतो क्लोरिन पकडायला. पण तो रोजच्या क्लोरिनच्या मापाचा. इतकं ओतलंस तर तो काय करणार बिचारा? वादळातून वाचलेली माणसं तुमच्या औषधानं मरतील."

मग मी अगदी तेच केलं जे ऑफिसातली माणसं करतात. "काका, सीरियसली, हे आमच्याकडून ऑलरेडी साइन-ऑफ झालंय. पुढच्या व्हर्जनमध्ये आपण नक्की घालू," असं म्हणून मोकळी झाले.

काका मला रागावले नाहीत. त्यांनी ते कॅलेंडरचं पान घडी करून माझ्या पर्समध्ये घातलं. "तुझ्या आराखड्यात तज्ज्ञ नऊ आहेत," ते म्हणाले. "आणि ते सगळे एकमेकांशी तुझ्यामार्फत बोलतात. म्हणजे बोलायचं काम तुझं होतं. ते तू केलं नाहीस." मला हे इतकं लागलं की मी ताक न पिताच उठले. गाडीत बसल्यावर रडले, कारण ते खरं होतं.

सोमवारी मी आमचे वरिष्ठ ग्रॅहम यांच्यापुढे कॅलेंडरचं ते पान ठेवलं. मागच्या बाजूला संकष्टी आणि एकादश्या छापलेल्या. त्यांनी ते चष्मा लावून बघितलं, मग चष्मा काढून बघितलं. किडनीच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि एक शिवी हासडली, ती स्वतःलाच होती. ग्रॅहमनी विचारलं, "हे तुला कुणी दाखवलं?" मी म्हणाले, "माझ्या जुन्या घरमालकांनी." सह्या तीन आठवडे पुढं गेल्या, मंत्र्यांचा दौरा बदलला, माझी वर्षाखेरची बढती त्यात कुठंतरी वाहून गेली. आराखडा मात्र सुधारला. डायलिसिसला स्वतंत्र टाकी, ती वादळाआधी भरून बंद करायची, कोळशाचा दुसरा फिल्टर बसवायचा, पाणी तपासल्याशिवाय यंत्र सुरू करायचं नाही. नव्या प्रती गेल्या. काकांनी एवढंच विचारलं, "जुन्या परत आल्या का?" मी म्हणाले, "नव्या पाठवल्यात ना, काका. जुन्या फेकून द्यायला सांगितलंय."

काकांचा एक जुना किस्सा मला तेव्हा कळला, तोही त्यांच्याकडून नाही, त्यांच्या एका निवृत्त सहकाऱ्याकडून. एकदा इस्पितळाबाहेरच्या रस्त्यात जलवाहिन्या धुण्याचं काम निघालं आणि पाण्यात जास्तीचं क्लोरिन सोडलं गेलं. कुणी कळवलं नव्हतं. सकाळच्या पाळीचे पेशंट खुर्च्यांवर बसलेले, सुया टोचायच्या बाकी. काकांनी पाणी तपासलं आणि सगळी यंत्रं बंद केली. मोठे डॉक्टर कॉरिडॉरमध्ये सगळ्यांदेखत त्यांच्यावर ओरडले. काका म्हणाले, "डॉक्टर, औषध तुम्ही बघा. पाणी मी बघतो." दोन तासांनी पाणी निवळलं, यंत्रं सुरू झाली, दिवस पुढं गेला. मी काकांना विचारलं, "मग कुणी थँक यू तरी म्हटलं का?" ते म्हणाले, "कशाबद्दल? काही झालंच नाही ना." आपलं काम चोख झालं की काहीच होत नाही आणि त्याबद्दल कुणी हार घालत नाही, हे ते इतक्या समाधानानं सांगायचे, की ऐकणाऱ्याला त्यांचा हेवा वाटावा.

आराखडा सुधारला म्हणून काका खूश होतील अशी माझी समजूत होती. ती त्यांनी लगेच मोडली. "कागदानं कॉक फिरत नाही," ते म्हणाले. "तिथं फिरवणारं कोण आहे?"

फिरवणारी होती अ‍ॅग्नेस. बेटावरच्या इस्पितळात डायलिसिसची एकमेव तंत्रज्ञ, वय असेल चाळिशीचं, आवाज खणखणीत. ग्रॅहमनी रीतसर परवानगी काढली आणि काका दर मंगळवारी दुपारी एक वाजता, म्हणजे तिच्या सकाळी, तिला व्हिडिओ कॉल लावू लागले. सुरुवातीला मीही बसायची. काकांचं इंग्रजी चाळीस वर्षांचं स्लाऊचं, त्यावर दापोलीचा हेल. अ‍ॅग्नेसचं इंग्रजी बेटाचं. पहिले दोन मंगळवार दोघं एकमेकांना "सॉरी?" एवढंच म्हणत होते. मग काकांनी कोळशाच्या फिल्टरचं चित्र कॅमेऱ्यासमोर धरलं, तिनं तिच्या फिल्टरपाशी फोन नेला, आणि भाषेची अडचण जी संपली ती संपलीच. तिनं विचारलं, "तुम्ही कधी बेटावर आला आहात का?" काका म्हणाले, "नाही. पण तुझे पाइप मला आता माझ्या जिन्यासारखे पाठ आहेत."

त्यांची शिकवायची तऱ्हा म्हणजे धाक होता. इकडच्या-तिकडच्या गप्पा चालू असताना ते मधेच म्हणत, "अ‍ॅग्नेस, वादळ आलं. लाइट गेली. नळाला गढूळ पाणी येतंय. आता?" की तिनं हातातलं टाकून उठायचं आणि एकेक गोष्ट करून दाखवायची. टाकीचं झाकण, टाकीचं कुलूप, जनरेटर, पाण्याचा नमुना, क्लोरिनची पट्टी. एकदा पट्टीचा रंगच बदलेना. डबीवरची तारीख उलटून गेली होती. अ‍ॅग्नेस हसून म्हणाली, "सर, ही नुसती रंगीत तालीम आहे." काका म्हणाले, "आज अकराही गेले. उद्या परत करू." पलीकडं तिचा चेहरा उतरला. मला काकांचा रागच आला. फोन ठेवल्यावर मी म्हणाले, "किती कठोर बोलता तुम्ही! ती एकटी सगळं बघते." ते म्हणाले, "म्हणूनच." दुसऱ्या दिवशी बुधवार असूनही तिनंच फोन लावला, नवी डबी कॅमेऱ्यासमोर धरून.

तिच्या अकरा पेशंटांची नावं काकांना पाठ होती. कुणाची मुलगी कॅनडात आहे, कोण मासेमारी करायचा, कोण चोरून पाणी पितो, सगळं. वादळ येणार असं कळलं की सगळ्यांचं डायलिसिस आधीच उरकून घ्यायचं, म्हणजे पुढचे दोन-तीन दिवस निभतात, हे त्यांनी तिच्याकडून घटवून घेतलं. आणि एक गोष्ट तर कुठल्याच तज्ज्ञानं लिहिली नव्हती. "वादळानंतर नारळ पडतील," काका तिला म्हणाले. "नळाला पाणी नसेल. शेजारीपाजारी प्रेमानं शहाळी आणून देतील. तुझ्या अकरा जणांना एकाही शहाळ्याला हात लावू द्यायचा नाही. त्यातलं पोटॅशियम त्यांच्या शरीरातून बाहेर पडत नाही, ते हृदयावर जातं." अ‍ॅग्नेस थक्क झाली. म्हणाली, "तुम्हाला कसं माहीत आमच्याकडे शहाळी वाटतात?" दापोलीच्या माणसाला तिनं हे विचारावं! काका कितीतरी वेळ हसत होते. मग मला म्हणाले, "मला वाटायचं कोकण सुटलं."

मधल्या काळात काका जिन्यात पडले. फार नाही, पण मांडीच्या हाडाला चीर गेली. त्यांची मुलगी नेहा एडिनबराला इस्पितळात फार्मसिस्ट आहे. तिचा जन्म इथला, मराठी प्रेमानं बोलते पण लिंगांचा हिशेब ठेवत नाही. ती धावत आली आणि त्यांच्या पलंगाशी बसून म्हणाली, "बाबा, किती वेळा सांगितली तुला! माझा वरचा खोली रिकामा आहे. तू चल ना. ऑनेस्टली, मला तिकडे झोप नाही येतो." काकांना तिचं म्हणणं पटत होतं, पण ते निघत नव्हते. आधी म्हणाले, हाड जुळू दे. हाड जुळलं. मग म्हणाले, घराचं गिऱ्हाईक मिळू दे. तेही मिळालं. शेवटी त्यांनी मला खरं सांगितलं. "वादळाचा सीझन जाऊ दे गं. सामान हलवण्याच्या गडबडीत फोन लागला नाही तर? ती पोरगी एकटी आहे. तिला काही विचारायचं असलं आणि मी नसलो तर?" नेहाला हे कळलं तेव्हा ती रडवेली झाली. मला म्हणाली, "ताई, बाबा एका बेटासाठी थांबलाय. मी कुठला बेट आहे का?" मी तिची समजूत काय घालणार? बेट त्यांच्या घरात मीच आणलं होतं.

आणि मग वादळ आलं. दोन दिवस आधी इशारा होता. अ‍ॅग्नेसचा एक ओळीचा निरोप आला, की अकराही जणांचं डायलिसिस उरकलं, टाकी भरून कुलूप लावलं. त्यानंतर बेट गप्प झालं. मी ऑफिसातून रजा काढून स्लाऊला आले. घरात सगळीकडे खोकी बांधलेली, आणि मधोमध उरलेल्या एका टेबलाशी काका फोन समोर ठेवून बसलेले. बातम्यांत एवढंच कळत होतं, की इस्पितळ उभं आहे, पण शहरात पाणी शिरलंय. एक दिवस गेला. दुसरा गेला. मी म्हणाले, "आपण करू या का फोन?" "नाही," काका म्हणाले. "तिचे हात कामात असतील." त्यांना इतकं घाबरलेलं मी पूर्वी पाहिलं नव्हतं. ते अकरा नावं हळूच पुटपुटत होते आणि मधेच थांबून मला विचारत होते, "तुझ्या जुन्या प्रती परत आल्या होत्या का गं?" आल्या नव्हत्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. अ‍ॅग्नेसचा आवाज बसलेला होता. काकांनी स्पीकर लावला आणि पहिला प्रश्न विचारला तो, "किती?"

"अकरा," ती म्हणाली. "पाच जण आत्ता मशीनवर आहेत. सहा जणांचं काल रात्रीपर्यंत झालं. पट्टी दोनदा बघितली."

काकांनी डोळे मिटून घेतले. ती पुढं सांगत होती. काल सकाळी पाणी खात्याची दोन माणसं क्लोरिनचे डबे घेऊन इस्पितळात आली. त्यांच्या हातात आमचा आराखडा होता. जुना, मी आगाऊ पाठवलेला, चौथं प्रकरण उघडून धरलेला. त्यांनी इस्पितळाच्या मोठ्या टाकीत क्लोरिन टाकलं आणि मग ते डायलिसिसच्या टाकीकडं वळले. कागदात 'इस्पितळाची टाकी' असं लिहिलंय आणि हीही इस्पितळाचीच, असं त्यांचं म्हणणं. अ‍ॅग्नेसनं कुलपाची किल्ली कमरेला खोचली आणि टाकीपुढं उभी राहिली. एकजण ओरडला, मोठ्या साहेबांना बोलावतो म्हणाला. ती म्हणाली, बोलाव, पण टाकी उघडणार नाही. अर्धा तास ती तशीच उभी होती. साहेब आले, त्यांनी नवी प्रत मागवून बघितली आणि डबे परत गेले.

अकरा माणसांच्या आणि माझ्या एका चुकीच्या मध्ये ती बाई अर्धा तास उभी होती. माझ्या तोंडून "आय अ‍ॅम सो सॉरी" एवढंच निघालं, तेही तिला बहुधा ऐकू गेलं नाही.

काका मात्र भलत्याच गोष्टीवर अडले होते. ते जवळजवळ रागानं म्हणाले, "अ‍ॅग्नेस, एवढं सगळं झालं, तू मला फोन का नाही केलास? सॅटेलाइट फोन होता ना इस्पितळात?"

"होता, सर," ती म्हणाली. "पण विचारण्यासारखं काय होतं?"

काकांनी फोन टेबलावर ठेवला, चष्मा काढला आणि ते मोकळेपणानं रडले. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग चेहरा पुसून त्यांनी नेहाला फोन लावला. "हां बेटा, येतो मी. शनिवारी व्हॅन सांग," आणि नंतर, जणू तिला सगळी हकीकत आधीच ठाऊक असल्यासारखं, "ती म्हणाली, विचारण्यासारखं काय होतं!" पुढच्या तीन दिवसांत हे वाक्य त्यांनी शेजारच्या पंजाबी बाईंना सांगितलं, पोस्टमनला सांगितलं, घर घेणाऱ्या जोडप्याला सांगितलं. त्यांच्यापैकी कुणालाही ते कशाबद्दल आहे हे कळलं नाही, आणि काकांना त्याची काही पडलेली नव्हती.

त्या जुन्या चाळीस प्रती मी नंतर एकेक करून परत मागवल्या. एकोणचाळीस आल्या, चाळिसावी सापडेपर्यंत मी ग्रॅहमना स्वस्थ बसू दिलं नाही. आता आमच्या ऑफिसात कुठल्याही देशाचा आराखडा आला, की मी तो पहिल्या पानापासून वाचत नाही. लेखकांना एका खोलीत बसवते, मोठा कागद पसरते आणि कोपऱ्यात ढग काढते. नवीन माणसं एकमेकांकडे बघतात. मी त्यांच्याकडे बघत नाही.

शनिवारी व्हॅन आली. नेहा पुढं बसली होती. सामान चढेपर्यंत काका नव्या मालकांना जिन्याखालचा कॉक दाखवत होते. मग बाहेर आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "काही अडलं तर फोन कर. पण तुझं आता काही अडायचं नाही." नेहानं आतून हाक मारली, "बाबा, चल ना, ट्रॅफिक होईल." ते चढले, पट्टा बांधला आणि माझ्याकडे बघून हसले. मी हात हलवत फुटपाथवर उभी राहिले. व्हॅन कोपऱ्यावर वळली, आणि मला त्यांना विचारायचं अजून कितीतरी राहिलं होतं.